दोनशे चौदा नावं

चिखलीच्या एसटी स्टँडवर स्नेहलता गाडीतून उतरत होती. हातात गोधडीत गुंडाळलेला जड डबा, पायाखालचं काही दिसेना. शेवटची पायरी चुकली, डबा निसटला — आणि खाली उभ्या असलेल्या एका तरुणानं तो अलगद झेलला.

"बाळ आहे काय?" तो हसला.

"कम्प्युटर आहे! हळू धरा ना..."

"मंग तर बाळच झालं."

तिला हसू आलं नाही. साखरखेर्ड्याच्या मुलींच्या शाळेत ती लिपिक होती. शिष्यवृत्तीच्या दोनशे चौदा मुलींची यादी त्या डब्यात होती आणि मंगळवारी ती बुलढाण्याला पोचवायची होती. पण गुरुवारी तिनं हौसेनं, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून कम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची अगदी ताजी आवृत्ती चढवली. तेव्हापासून पडदा काळाच. मुख्याध्यापिका सरस्वतीबाईंना सांगायचा धीर झाला नव्हता. तीन दिवस घास घशाखाली उतरत नव्हता.

"कॉलेजात आज नव्या लोकांना लिनक्स बसवून देतात म्हणे. तिथं चाललेय," ती म्हणाली.

"तो बसवून देणारा मीच आहो. उद्धव. नांदुऱ्याहून येतो. चाला!"

कॉलेजात त्यानं आतल्या कशालाही हात न लावता, नुसत्या सीडीवर तिचं मशीन सुरू केलं.

"यादी पुसली गेली असेल तर?"

"आता कळते."

"तुम्ही घाबरवताय मला."

"खोटा धीर नाही देऊन राह्यलो, एवढंच." मग तिच्याकडे वळून, "सगळ्यात नवीन काऊन टाकली?"

"नवीन म्हणजे चांगलीच असणार ना..."

"नव्यातले दोष अजून सापडायचे असतात. ते आपल्याच मशीनवर सापडतात! दोन वर्षं जुनी घ्या. तिच्यातले लोकायनं शोधले, दुरुस्तही झाले. शाळेच्या कामाले तीच बरी."

"आणि तुमच्या मशीनवर कोणती आहे?"

उद्धव गडबडला. "नवीनच... रोज बिघडते."

तीन दिवसांत पहिल्यांदाच स्नेहलता खुदकन हसली.

फाइल सापडली. उघडली — तर नावांच्या जागी नुसते चौकोन! "मराठी अक्षरांचा फाँट नाही, म्हणून," उद्धव पुटपुटला. त्यानं तो टाकला, आणि चौकोनांची हळूहळू अक्षरं झाली. ती बोट ठेवून मोजत गेली. दोनशे बारा... तेरा... चौदा. तिचे डोळे भरून आले. उद्धव खिडकीबाहेर पाहत राहिला.

त्यानं यादीच्या दोन सीडी केल्या, मग जुनी आवृत्ती बसवली. या नादात त्याची नांदुऱ्याची गाडी चुकली.

मंगळवारी यादी पोचली, आणि झालेलं सगळं कळल्यावर सरस्वतीबाईंनीच त्याला शाळेत बोलावलं. रविवारी तो येऊ लागला, मुलींना शिकवू लागला. काम संपलं तरी येत राहिला.

"प्रिंटर तर चालू आहे," एकदा ती म्हणाली.

"हाव... पाहून जातो फक्त."

"प्रिंटरला?"

उद्धवचे कान लाल झाले.

एका संध्याकाळी एसटीत चढता चढता तो म्हणाला, "पुढच्या रविवारी एक गोष्ट बोलायची आहे." गाडी निघून गेली.

कोणती गोष्ट? पुण्याला नोकरी लागली असेल? लग्न ठरलं असेल? आठवडाभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. रविवार उजाडला. दहाची गाडी आली, तो नव्हता. बाराचीही आली. फोन बंद. तिनं तेच टेबल तीनदा पुसलं...

अडीचला जीप थांबली. उद्धव उतरला, आणि त्याच्यामागून नऊवारीतली एक बाई.

"ही माही आई, रुखमाबाई. हिले... कम्प्युटर पाहायचा होता."

रुखमाबाईंनी कम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या स्नेहलतेसमोर बसल्या. "चार दिवस झाले, यानं फोन पाण्यात पाडला. धड जेवत नाही. म्हणते, ती नाही म्हणाली तं? म्हटलं चाल, मीच इचारते."

"आई!"

"तू गप. पोरी, तुले माहा पोरगा पसंत आहे काय?"

उद्धव दारात घामाघूम उभा होता. स्नेहलतेनं त्याच्याकडे पाहिलं.

"त्यांना विचारू द्या," ती हळूच म्हणाली.

तो पुढं आला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"स्नेहलता... मले तुमच्यासंगं लगन करायचं आहे. तुमी —"

"हाव," ती म्हणाली.

'हो'साठीचा हा नांदुऱ्याचा शब्द आपल्या तोंडी कधी बसला, तिचं तिलाच कळलं नाही. आधी रुखमाबाई हसल्या, मग ती दोघं.