क्लचवरचा पाय

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझा मामा गॅरेजवाला. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस. हे त्याच्याच बाबतीत घडलं, गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी.

मामाच्या साडूला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची होती.

मामाचा नुसता जळफळाट झाला. वीस वर्षं असल्या गाड्यांखाली झोपला तो, आणि फिरला स्कूटरवर. साडूच्या नखाला कधी ग्रीस लागलं नाही. वर मामी म्हणाली, "बघा, माझ्या ताईची हौस कशी पुरवतात!"

"साडूभाऊ, तुम्ही हो म्हणालात तरच घेईन," साडू म्हणाला. "क्लच तेवढा बघा."

गाडी एका बंगल्यात होती. मालकीणबाईंनी शटर उघडलं. "माझ्या मुलाची. कुणाला हात लावू देत नसे. तो गेला, तेव्हापासून उभीच आहे."

मामा एकटाच आत बसला. हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं, क्लच दाबून तिसरा गिअर टाकला आणि पाय उचलला. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. झिजलेला असेल तर चालू राहतं.

इंजिन चालूच राहिलं...

मामाला आनंद झाला. बरी जिरली साडूची!

मग त्याने खाली पाहिलं.

त्याचे दोन्ही पाय मॅटवर होते. आणि क्लचचं पेडल... तळाला टेकलेलं.

त्याने वाकून ते हाताने ओढलं. हलेना. त्यावर वजन होतं.

मग ते वजन सावकाश उठलं... पेडल वर आलं. इंजिन धक्का देऊन बंद पडलं.

क्लच ठणठणीत होता.

मामा घामाघूम होऊन उतरला. 'घेऊ नका' अगदी जिभेवर आलं होतं. पण साडूचा फुललेला चेहरा पाहिला आणि त्याचा पुन्हा जळफळाट झाला. घेऊ दे. कळू दे.

"एक नंबर आहे," तो म्हणाला.

आठ दिवसांनी साडूचा फोन आला. "काय गाडी निवडलीत हो! गिअरला हात नेला की क्लच आपोआप खाली जातो. तुम्हीच काही केलंत ना?"

मामाने सगळं सांगून टाकलं.

साडू हसत सुटला. "इतकी वर्षं माझ्यावर जळताय, आता हे भुताचं काढलंत?"

मामीही तेच म्हणाली. मामा जळत तर होताच.

काल साडू सहज बोलून गेला... "आता गिअरला हात लावला नाही तरी खाली जातो. उतारावर तर हमखास."

क्लच दाबलेला असला की उतारावर इंजिन गाडीला आवरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि घाटात ते तापले की गाडी सुटतेच.

आज साडू, मामीची ताई आणि त्यांची दोन्ही मुलं घाट उतरून येणार आहेत. मामा सकाळपासून फोन लावतोय.

रिंग वाजते... आणि मामाचं नाव बघून साडू फोन कापतो.