गिअरबॉक्सखालचा लाल थेंब

एक कोडं घालते. दोन डब्यांत तेल भरलंय. एकाचं झाकण बेताचं लावलंय आणि दुसऱ्याचं अंगातला सगळा जोर काढून आवळलंय. आता सांगा, कुठला डबा गळेल? बेताचं झाकण लावलेला, असंच म्हणाल ना? मीही तेच म्हटलं असतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात लाल थेंब पडला, तेव्हा मला खरं उत्तर कळलं. त्या थेंबाचा मला अजून राग येतो, आणि थेंबापेक्षा बाबांचा जास्त येतो.

मी ओवी, सातवीत आहे. आमचं भैरवगाव तांबडसड्याच्या पायथ्याशी आहे. सडा म्हणजे डोंगरावरचा सपाट कातळ. या सड्यावर झरे आहेत आणि त्यांचंच पाणी गावाला येतं. माझी ऋतुजाआत्या भूजलशास्त्रज्ञ (जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारी) आहे. मी जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून ती दर शनिवारी सड्यावर जाते, प्रत्येक झऱ्याखाली बादली धरते आणि बादली भरायला किती वेळ लागला ते मोजते. झरा कधी आटायला लागेल, हे तिला गावाच्या आधी कळतं. मोजायला यंत्रं लावून पाहिली होती, पण वानरं ती उपटून खेळायला नेतात.

आत्याचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे, तिला चढ चढता येत नाही. म्हणून तिची गाडी. ही गाडी फार जुनी आहे, तिला चक्क चालवायला माणूस लागतो! पण तिचा गिअरबॉक्स (इंजिनाची ताकद हवी तेवढी करून चाकांना देणारी पेटी) आपला आपण गिअर बदलतो. क्लच दाबावा लागत नाही, त्यामुळे एकट्या उजव्या पायावर काम भागतं. गावात बिनचालकाच्या गाड्या हव्या तितक्या आहेत. पण त्या रस्त्यात पुरलेल्या खुणा वाचत चालतात, आणि सड्याच्या रस्त्यावर खुणा कुणी पुरलेल्याच नाहीत. तिथल्या वळणावर गाडी थांबते आणि गोड आवाजात सांगते, "पुढे रस्ता नाही." रस्ता समोर दिसत असतो, तरी!

यंदा जुन्या गाड्यांसाठी थेंब-चाचणी आली. गाडी चालू करून तिच्याखाली पांढरा कागद पसरायचा. इंजिन चांगलं तापेपर्यंत कागदावर एकही थेंब पडला नाही, तर गाडी पास. थेंब पडला, तर गाडी भंगारात. चाचणी एकदाच होणार होती, दुसरी संधी नाही. आणि आत्याच्या गाडीच्या गिअरबॉक्समधून तेल झिरपत होतं.

"गॅरेजला देऊ या," मी म्हणाले.

"कुठल्या? भैरवगावातलं शेवटचं गॅरेज बंद पडलं तेव्हा तू पाळण्यात होतीस," आत्या म्हणाली. "हे काम घरी होतं. बाह्या वर कर."

गाडी सरकू नये म्हणून आम्ही चाकांना दगडांची उटी लावली, जॅकने गाडी उचलली आणि तिच्याखाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा आत्याचा पहिला नियम. गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याचा एक उथळ ट्रे बोल्टांनी बसवलेला असतो. त्याला चेंबर म्हणतात. त्यात तेल साठतं. चेंबर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये चौकटीच्या आकाराची एक मऊ पट्टी असते, ती पॅकिंग. तेल काढून चेंबर उतरवला, तर आमचं पॅकिंग वाळून पापडासारखं कडक झालं होतं.

"पण मुळात पॅकिंग लागतंच कशाला?" मी विचारलं. "लोखंडावर लोखंड घट्ट बसवलं की झालं!"

आत्याने मला सूक्ष्मदर्शकातून चेंबरची कड दाखवली. बोटाला गुळगुळीत लागणारी ती कड भिंगाखाली चांगलीच खडबडीत होती. नुसते डोंगर आणि दऱ्या! असे दोन खडबडीत पत्रे एकमेकांवर दाबले, तरी दऱ्या मोकळ्याच राहतात. तेलाला तेवढी वाट पुरते. मऊ पॅकिंग दाबलं गेलं की या दऱ्यांमध्ये शिरून बसतं आणि वाटा बुजवतं.

"पण नुसतं शिरून भागत नाही," आत्या म्हणाली. "त्याने उलटून ढकललंही पाहिजे. कुकरची रिंग जुनी झाली की काय होतं?"

"शिट्टी होत नाही. कडेनेच वाफ जाते."

"कारण ती कडक झालेली असते. दाबली तर दबते, पण परत फुगत नाही. लवचीकपणा (दाबल्यावर पुन्हा मूळ आकारात यायचा गुण) संपला की पॅकिंगही संपलं."

या गाडीचं पॅकिंग आता कुठे मिळत नाही. आत्याने बुचाचा चुरा आणि रबर एकत्र करून केलेली मोठी शीट मागवली होती. चेंबर तिच्यावर ठेवून मी पेन्सिलीने कड आखली आणि आत्याने पॅकिंग कापून घेतलं. आम्ही जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे खरवडून काढले, दोन्ही कडा कोरड्या केल्या आणि तेलाची गाळणी बदलली. चेंबरच्या तळाशी एक लोहचुंबक होता. गिअर झिजून निघालेली लोखंडाची पूड त्याने काळ्या लोण्यासारखी धरून ठेवली होती. ती मी पुसली, मला फार मजा आली.

मग बोल्ट. आधी सगळे नुसत्या बोटांनी लावले. त्यानंतर आत्याने टॉर्क पाना काढला. टॉर्क म्हणजे पिळायचा जोर. ठरवलेला जोर पुरा झाला की हा पाना 'टक' करतो, मग थांबायचं. एक बोल्ट इकडचा, पुढचा त्याच्या समोरचा, असं थोडं थोडं आवळत गेलो, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. शेवटचा 'टक' झाला आणि आत्याने मला गाडीखालीच टाळी दिली. नवं लाल तेल ओतून झाल्यावर ती म्हणाली, "पॅकिंग दबून बसतं, म्हणून उद्या एकदा पाना लावून बघायचा."

पण उद्या खंडेनवमी होती.

आता बाबांबद्दल सांगते. माझे बाबा मनाने चांगले आहेत, पण त्यांना काहीही सैल दिसलं की चैन पडत नाही. त्यांनी बंद केलेला नळ आई पक्कडीने उघडते. लोणच्याची बरणी तर आम्ही त्यांनाच उघडायला देतो. खंडेनवमीच्या सकाळी आम्ही हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली. बाबांनी त्यांची पूजा केली. पुजलेल्या हत्यारांना दसरा होईपर्यंत आमच्याकडे कुणी हात लावत नाही. दुपारी आत्या टॉर्क पाना मागायला आली, तेव्हा बाबा दारातच आडवे आले.

"पूजेतला पाना उचलू नकोस, ऋतू."

"दादा, दोन मिनिटांचं काम आहे. बोल्ट नीट आहेत का, एवढंच बघायचंय."

"नीट आहेत. मी सांगतो ना, अगदी घट्ट आहेत."

आत्या वाद घालत बसली नाही. दसऱ्याला आम्ही गाडीला झेंडूचा हार घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीचा यंत्रमानव आला, माझ्याएवढाच उंच आणि फार अदबशीर. त्याने गाडीखाली कागद पसरला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. बराच वेळ काही झालं नाही. आत्या माझ्याकडे बघून हसली. मग तेल तापलं. तापलं की तेल पातळ होतं आणि पातळ तेलाला बारीक फटही पुरते. कागदावर एक लाल थेंब पडला.

"गाडी अनुत्तीर्ण," यंत्रमानव म्हणाला. "गळती दोन बोल्टांच्या मधल्या जागेतून आहे. गाडी न्यायला दुपारी क्रेन येईल."

इंजिन निवल्यावर गाडी पुन्हा घोड्यांवर घेऊन आत्या खाली सरकली, टॉर्क पाना एका बोल्टला लावला आणि जरासा ओढला. पाना लगेच 'टक' करून गेला, बोल्ट जागचा हलला नाही. दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच.

"पॅकिंग दबल्यावर हे थोडे तरी फिरायला हवे होते. हे मी आवळलेले नाहीत," ती म्हणाली. "कुणी हात लावला?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"पूजेला हत्यारं मांडण्याआधी," ते म्हणाले, "सगळ्या बोल्टांना एकेक फेरा दिला. चाचणी होती ना! म्हटलं, सैल राहायला नको."

"पण घट्ट केल्यावर गळेल कसं?" मी ओरडलेच.

आत्याने मला भांडी घासायचा लांब स्पंज आणि माझी प्लॅस्टिकची पट्टी आणायला सांगितली. स्पंजावर पट्टी ठेवली. "दोन्ही टोकं दाब. हळू." पट्टी सगळीकडे स्पंजाला टेकून राहिली. "आता जोरात." टोकं स्पंजात रुतली आणि पट्टीचा मधला भाग कमान होऊन वर उचलला गेला. मध्ये चक्क फट दिसत होती. तुम्हीही करून पाहा.

चेंबरची कड म्हणजे अशीच एक पट्टी. बोल्ट बेताने आवळला, तर ती पॅकिंगवर सपाट बसते. अति आवळला, की बोल्टापाशी पत्रा वाकून आत जातो, तिथलं पॅकिंग चिरडतं आणि त्याचा लवचीकपणा मरतो. दोन बोल्टांच्या मध्ये मात्र पत्रा कमान धरतो आणि पॅकिंगपासून सुटतो. तेल तिथूनच बाहेर येतं. गळती जोराने थांबत नाही, सगळीकडे सारखा दाब पडला तर थांबते. माझ्या कोड्याचं उत्तर हे आहे. मला ते आयुष्यभर कळलं नसतं तरी चाललं असतं.

"दादा, गाडीखाली ये," आत्या म्हणाली.

"आता काय उपयोग? क्रेन येईलच."

"गळकी गाडी मी दारातून जाऊ देणार नाही. ये म्हणते ना."

बाबा गाडीखाली शिरले. आत्या शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत होती. बाबांनी तेल स्वच्छ बादलीत काढलं आणि चेंबर उतरवला. पॅकिंग बोल्टांपाशी फाटून बाहेर आलं होतं. मी उरलेल्या शीटवर पुन्हा कड आखली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे रेघ जरा वाकडी आली. चेंबरची वाकलेली कड बाबांनी लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट केली. मग बोल्ट. एक इकडचा, एक समोरचा. पाना 'टक' म्हणाला की बाबांचा हात आणखी थोडा पुढे जायला बघायचा आणि आत्या म्हणायची, "बस्स." शेवटी तिला ते म्हणावं लागलं नाही.

गाळून घेतलेलं तेल ओतून गाडी चालू केली. कागद मी पसरला. यंत्रमानव क्रेनची वाट पाहत उभाच होता. तो खाली वाकला आणि इंजिन पुरतं तापेपर्यंत वाकूनच राहिला.

"थेंब नाही," तो म्हणाला.

"मग पास कर!"

"चाचणी एकदाच होते. निकाल बदलण्याची मला परवानगी नाही. मला वाईट वाटतं, असं म्हणण्याची आहे."

क्रेन आली. तिलाही चालक नव्हता, त्यामुळे रागावायलाही कुणी सापडलं नाही. तिने गाडी झेंडूच्या हारासकट उचलली आणि नेली.

"ऋतू," बाबा म्हणाले. "मी मुद्दाम नाही केलं गं."

"माहीत आहे, दादा. मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं."

"शनिवारी मी जाईन वर. दर शनिवारी जाईन, चालत. तू सांगशील तसं मोजीन."

"जा. मोजणीत खंड पडायला नको," आत्या म्हणाली. "पण वर मला जायचं होतं."

बाबा मान खाली घालून आत गेले. मला त्यांची कीव आली, पण राग काही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हेही मला त्या दिवशीच कळलं.

मी आत्याच्या शेजारी पायरीवर बसले. मोकळ्या अंगणापलीकडे सड्याची कड दिसत होती.

"आत्या, मी मोठी झाले ना, की खुणा नसलेल्या रस्त्यावरही चालेल अशी गाडी बनवीन. तिला रस्ता डोळ्यांनी दिसेल. ती तुला थेट झऱ्यापर्यंत नेईल. तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

"बनव," आत्या म्हणाली. "पण स्टीअरिंग ठेव हं तिला. मला कुणी न्यायला नकोय, ओवी. मला चालवायचंय."