कलिंगड काय बोललं?

“ड, ड, ळ, ड!” टिल्लूने पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली. “आजोबा, हे काय?”

आजोबांनी नुसते डोळे मिटले. जन्मभर बस चालवलेला, अखंड बडबडणारा हा माणूस! पण झटका आल्यापासून हातपाय हलत नव्हते, तोंडून शब्द फुटत नव्हता. सरकारी मेंदू-संशोधन केंद्रातली ती तारांची ओली टोपी हीच काय ती आशा. समोर अक्षरं एकेक करून चमकायची. हवं ते अक्षर चमकलं, की मेंदूत बारीकशी लाट उठायची आणि यंत्र ती ओळखायचं. म्हणजे, ओळखायला हवं होतं!

“आजोबा फार दमतात,” डॉक्टरबाई आईला म्हणाल्या. “हे लोकांच्या पैशातून चाललेलं काम आहे. उद्या तपासणी समिती येणार. आजोबांची प्रयोगातली जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.”

हे ऐकताच भिंगरी ताडकन उठली. भिंगरी म्हणजे टिल्लूची बारा वर्षांची ताई. एका जागी बसेल तर शपथ! सुट्टी लागल्यापासून ही भावंडं आणि त्यांचा आतेभाऊ रोज इथे येत होते. आतेभाऊ सगळं वहीत टिपून ठेवायचा, म्हणून तो ‘मास्तर’.

बाहेर येताच मास्तरने वही उघडली. “हे बघा! सकाळी आजोबांनी ‘पाणी’ अगदी बरोबर लिहिलं. गडबड होते ती दुपारीच. काल, परवा, आजही!”

“जेवल्यावर झोप येत असेल,” टिल्लू म्हणाला.

“छे! डोळे टक्क उघडे होते त्यांचे,” भिंगरी म्हणाली. “कधीच झोप न येणारं डोकं हवं आपल्याला.”

“मेंदूच नसलेलं!” मास्तर ओरडला.

दोघांनी टिल्लूकडे पाहिलं.

“ए, माझ्याकडे काय बघता?”

शेवटी उपाहारगृहातून एक कलिंगड मिळालं. केंद्रातली तंत्रज्ञ ताई पोट धरून हसली, पण तिने ओली टोपी कलिंगडाला नीट बसवली. पडद्यावर अक्षरं उमटली: ड, ळ, ड, ड!

तंत्रज्ञ ताईचं हसू थांबलं. “अरेच्चा! म्हणजे ही गडबड बाहेरून येतेय!” ती डॉक्टरबाईंना बोलवायला धावली.

टिल्लूने भिंतीला कान लावला. “पलीकडे काहीतरी घुरघुरतंय!”

पलीकडे भांडार होतं. भिंगरीने दार वाजवलं. “काका, आत कसलं यंत्र चालू आहे?”

“कसलंही नाही! पळा इथून!” आतून भांडारकाका खेकसले.

भिंगरीचे डोळे चमकले. डॉक्टरबाई येताना दिसताच ती किंचाळली, “काका, उंदीर! दाराखालून आत शिरला!”

धाडकन दार उघडलं. काका अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली! मागे पाय चेपायचं यंत्र घर्रर्र करत होतं. त्याची वायर थेट प्रयोगशाळेच्या विजेच्या जोडणीत खुपसलेली!

“गुडघे दुखतात हो...” काका पुटपुटले. “जेवल्यावर जरा लावतो.”

डॉक्टरबाईंनी वायर उपटली. प्रयोगशाळेतून मास्तर ओरडला, “कलिंगड गप्प झालं!”

“काका, तुमच्या गुडघ्यांचं बघू. पण हे यंत्र आजच घरी न्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्या मुलांकडे वळल्या. “चूक माझीही आहे. यंत्रात दोष सापडेना, तर मी माणसालाच दोष दिला. आजोबांची जागा पक्की!”

आजोबांना पुन्हा टोपी घातली. सगळे पडद्याकडे बघू लागले. हळूहळू अक्षरं जुळली: चष्मा पुसा.

आईने त्यांचा चष्मा काढून उजेडात धरला. काचा बोटांच्या ठशांनी पार धुरकट झाल्या होत्या! “अगंबाई! किती दिवस असेच...” तिने पदराने काचा लख्ख पुसल्या.

आजोबांनी तिघांकडे एकेक करून डोळे भरून पाहिलं. मग पडद्यावर आणखी शब्द उमटले:

आता दिसलात. शाबास!