दोन जानेवारीची लस

अतिका दवाखान्यात शिरली, तर तिच्या खुर्चीवर बसून एक अनोळखी तरुण तिचाच चहा पीत होता.

"तो माझा होता," ती म्हणाली.

तो गडबडून उठला. "मला वाटलं... पाहुण्यासाठी ठेवलाय. मी तौसिफ. नंदुरबारहून आलोय, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरातली माहिती नव्या डेटाबेसमध्ये न्यायला."

शहाद्याच्या त्या बाळांच्या दवाखान्यात लसीकरणाच्या नोंदी अतिका सांभाळायची. तौसिफ शेजारी बसून काम करू लागला, आणि अतिका रोज दोन चहा सांगू लागली... का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

दोन जानेवारीला सकाळी कळसाडीच्या फुलवंताबाई नातवाला गोधडीत गुंडाळून हजर! "मोबाइलवर मेसेज उना ना पोरी, आज सुई शे म्हणीसन."

अतिकाने कार्ड पाहिलं. लस एक फेब्रुवारीला होती.

तौसिफने स्क्रीनवर नजर टाकली आणि त्याचा चेहराच उतरला. "जुन्यात तारीख नुसत्या मजकुरासारखी लिहिलेली – आधी दिवस, मग महिना. नव्यातला तारखेचा रकाना आधी महिना वाचतो. एक-दोनचं त्याने दोन जानेवारी केलं."

"मग ज्यांची लस खरंच आज आहे?"

"त्यांना निरोपच गेला नाही. चूक माझी आहे. मी तपासायला हवं होतं."

त्याने निरोप थांबवले. सगळ्या तारखा आधी मजकूर म्हणूनच आणल्या, दिवस-महिना-वर्ष सुटं केलं, जुन्याशी ताडून मग रकान्यात घातलं. तोवर अतिका फोनमागून फोन करत होती. बाकी सगळ्या आया सापडल्या. म्हसावदच्या दगूबाईचा फोन मात्र बंद! तिचं बाळ अशक्त. त्याची लस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

अतिकाने स्कूटीची किल्ली उचलली. "बसा."

"मी... मागे?"

"घर मला ठाऊक आहे. तुम्हाला आहे का?"

पपईच्या बागांमधून गार वारा अंगावर येत होता. तौसिफने बॅग दोघांच्या मध्ये घट्ट धरली होती.

"घाबरता की काय?"

"स्कूटीला नाही."

"मग कशाला?"

"...समोर बघा ना, खड्डा आहे!"

दगूबाई शेतात सापडली. दवाखाना बंद व्हायच्या आत बाळाला सुई टोचली गेली, आणि त्याने असा काही टाहो फोडला की दोघं सुटकेने हसतच सुटले.

काम संपलं, त्या संध्याकाळी अतिका त्याला सोडायला बसस्टँडवर गेली.

"पुन्हा यायला काही निमित्त शोधत होतो," तौसिफ पुटपुटला. "सापडलं नाही. म्हणून सरळच सांगतो – तुम्ही मला फार आवडता. उद्या येऊ?"

अतिकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"उद्या नको. रविवारी या, घरी. आणि... एकटे येऊ नका. तुमच्या अम्मींना घेऊन या."

तौसिफ वळला आणि आनंदाच्या भरात समोरच्या बसमध्ये चढलासुद्धा.

"अहो!" अतिका हसत हसत धावली. "ती नंदुरबारची नाही, खेतियाची आहे!"