जुनीच्या वाट्याचं

प्लेनपालेच्या ट्राम थांब्यावर ओदिलला दोघं अचानक दिसली – तिएरी आणि त्यांच्या बालमानसशास्त्र संस्थेत नवी आलेली अ‍ॅनलीस, एकाच छत्रीखाली! पाऊस तरी कसला, नुसती भुरभुर. पण अ‍ॅनलीस अशी खेटून उभी होती, जणू अख्खं जिनिव्हा बुडायला निघालंय. आणि तिएरी हसत होता. ओदिलशी बोलताना असा कधी हसला होता तो?

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर ती आणि तिएरी संस्थेतर्फे शाळाशाळांतून हिंडत होती, कोणत्या वयात मुलांना काय उमजतं ते शोधत. ती प्रश्न विचारायची, तो टिपून घ्यायचा. मनातल्या मनात किती आवडायला लागला होता तो तिला! आणि आता ही बया...

शाळेत पोचल्यावर तिनं मान वर केली नाही.

"चिडलीयस का?" तिएरीनं विचारलं.

"मी? छे! केस पूस आधी. एकाच बाजूचे भिजलेत. दुसरी बाजू कुणी सांभाळली, ते नको सांगूस."

तेवढ्यात पाच वर्षांची पेर्नेत समोर येऊन बसली. ओदिलनं बसक्या पेल्यातलं सरबत उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं.

"आता जास्त झालं, की तेवढंच आहे?"

"जास्त! केवढं वर आलंय!"

या मुलाखतींची पद्धत ठरलेली. चूक की बरोबर, ते सांगायचं नाही. दुसऱ्या मुलाचं उलटं मत पुढे करायचं आणि बघायचं, मूल आपल्या म्हणण्यावर टिकतं का. टिपणाऱ्यानं तर तोंडच उघडायचं नाही. ओदिलला हे झोपेतही जमलं असतं. पण डोळ्यांपुढून ती छत्री हलेना.

"काल एक मुलगा म्हणत होता," ती म्हणाली, "नवीन कुणी आलं... तरी जुनीच्या वाट्याचं प्रेम तेवढंच राहतं. तुला काय वाटतं?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. तिएरीची पेन्सिल थांबली.

"आमच्याकडे बाळ आलं ना, तेव्हा आईपण असंच म्हणाली," पेर्नेत म्हणाली. "मला नाही खरं वाटत."

"मलाही नाही," ओदिल पुटपुटली.

"वाटणी झालीच नाही!" तिएरी एकदम बोलला. "सगळं एकीचंच आहे... पहिल्या दिवसापासून."

"ती एक कोण?" पेर्नेतनं विचारलं.

तिएरीचे कान लालबुंद झाले. ओदिलनं घाईघाईनं पेला पोरीच्या हाती दिला. "पी, आणि पळ वर्गात."

दार लागलं.

"मुलाखत वाया घालवलीस," ती म्हणाली.

"सुरुवात कुणी केली?"

"मग तिच्याशी एवढं काय हसत होतास?"

"ती विचारत होती, ओदिलला कधी सांगणार? म्हटलं, धीर होत नाही. ती हसली... मग मीही हसलो, लाजून."

ओदिलचा जीव भांड्यात पडला – पण पुरता नाही.

"म्हणजे माझ्याआधी तिला सांगितलंस?"

"अगं, ओदिल—"

"ते काही नाही. तिला सांगितलंस त्यापेक्षा जास्त सांग."

तिएरीनं खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.