एकशे बारा पावलं

पटलं नाही तर सोडून द्या. पण आकडा डायरीत आहे, आणि ती डायरी मी स्वतः पाहिली आहे.

गेल्या एप्रिलातला रविवार. अमरावतीच्या वलगाव रोडवरचं एक लग्नाचं लॉन. आणि रात्र नव्हे... दुपारचे बारा.

देवमन माझे भाऊजी, वच्छलाताईचे यजमान. मूळ अकोल्याच्या बँडवाल्यांचं घर. आजोबांचं क्लॅरनेट, वडिलांचं ट्रंपेट, यांचा सॅक्सोफोन. लग्नात नवरीची एन्ट्री म्हटली की अमरावतीत यांनाच बोलावणं. नवरीकडे तोंड करून, वाजवत, उलटं चालत तिला स्टेजपर्यंत आणायचं. सूर मध्येच तोडायचा नाही. अपशकुन.

उलटं चालणारा पडला की लोक नवरीला विसरतात, हे भाऊजींना एकदा पडून कळलं. तेव्हापासून सकाळीच जाऊन पावलं मोजतात, डायरीत लिहितात. 'अकोल्याचा हॉल, एकतीस, शेवटी वायर.' बायकोचा वाढदिवस विसरतील, वायर नाही.

या लॉनची पावलं बेचाळीस.

चौघांनी धरलेल्या फुलांच्या चादरीखाली नवरी आली. मान खाली. भाऊजींनी सूर धरला, मागं सरकू लागले.

चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस...

टाचेला स्टेजची पायरी लागली नाही.

मोजण्यात चुकलं असेल. पन्नास. साठ.

मग लक्षात आलं... ढोल ऐकू येत नाही. पोरांचा गलका नाही. जनरेटरसुद्धा नाही.

दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

ऐंशी. चादर धरणारे चौघं नव्हते. चादर मात्र तशीच... वर.

मागं बघावं तर मान वळेना. ओठ सोलवटले. छाती फुटायला आली.

नवरी खालमानेनंच बोलली.

"थांबू नका भाऊ... तुमी थांबले का मले पुन्हा गेटापासून यावं लागते."

एकशे बाराव्या पावलाला दम संपला. सूर तुटला.

टाचेला पायरी लागली.

एकदम ढोल, गलका, जनरेटर. समोर इव्हेंटवाला पिंटू, कपाळाला हात लावून.

"देवमनभाऊ, काय करून राहिले तुमी? नवरी कवाचीच स्टेजवर जाऊन बसली! रिकाम्या गालिच्याले काय वाजवून दाखोता?"

भाऊजींनी डायरीत बेचाळीस खोडून एकशे बारा लिहिलं. त्या दिवसापासून एन्ट्री बंद. खुर्चीत बसून वाजवतात.

अमरावतीत राजापेठेतल्या घरी रोज दुपारी रियाज असतो. पहिला सूर लागला की... फाटकाची कडी वाजते.

मग पावलं. सावकाश. घराकडे.

भाऊजी थांबले की पावलं थांबतात. पुन्हा सूर धरला की पुन्हा कडी.

"फेकून टाका तो बाजा," ताई म्हणाली.

"वाजवनं सोडलं तर खाऊ काय वो? आन् मंग तिनं काय फाटकातच उभं राहावं?"

फाटक ते खुर्ची अकरा पावलं. भाऊजी तिच्या नवव्या पावलाला सूर तोडतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वय झालं, दम पुरत नाही. तेही हसून हो म्हणतात.

परवा आम्ही दोघांनी मिळून अंतर मोजलं. खुर्ची जागची हललेली नव्हती. फाटकही.

आठ पावलं भरली...