पापुद्रा आणि पिसारा

तळखोल खाडीच्या प्रयोगशाळेत डॉ. रेवती तोरसकर जनुकवाचकासमोर बसली होती, आणि तिला घाई होती ती एका म्हाताऱ्याची जिरवण्याची. डॉ. नीळकंठ प्रभुखानोलकर समोरच्याच खुर्चीत होते. तिचा प्रबंध त्यांनीच हाणून पाडला होता. किनाऱ्यावर सगळीकडे उगवणारं पिसाऱ्यासारखं लाल शैवाल ही नवी जात आहे, असं तिचं म्हणणं. डोळे तपासून घ्यावेत, असा त्यांचा शेरा.

त्यांची स्वतःची कीर्ती उभी होती ती दगडाला चिकटलेल्या एका लाल पापुद्र्यावर. शैवालाची ही जात फक्त याच खाडीत सापडते, म्हणून खाडी राखीव होती आणि इथलं बंदर अडलं होतं. पापुद्र्याचा तुकडा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. आज सरकारी आदेशापुढे त्यांचा इलाज चालला नाही.

पडद्यावर निकाल उमटला आणि रेवतीला हसू आवरेना. पापुद्रा आणि पिसारा, दोघांची जनुकं तंतोतंत जुळत होती.

"एकच जात आहे, सर. लाल शैवालांत असं असतं. पापुद्र्याच्या बीजाणूंतून पिसारा उगवतो, पिसाऱ्याच्या बीजाणूंतून पुन्हा पापुद्रा. दोन पिढ्या, दोन रूपं. तुम्ही जन्मभर अर्धंच शैवाल पाहिलंत."

"दोन नावांतलं जुनं टिकतं," ते थंडपणे म्हणाले. "म्हणजे माझं. तुझ्या हाती धुपाटणं."

हे तिच्या जिव्हारी लागलं. नाव गेलं तर गेलं, पण यांची चूक जगाला दिसलीच पाहिजे. तिने निकाल जातिनिबंधकाकडे पाठवायला घेतला. हा निबंधक म्हणजे यंत्र. तिथे दिलेली नोंद मागे घेता येत नसे, आणि कुठल्या जागेला संरक्षण द्यायचं हेही ते नोंदींवरूनच ठरवी.

"थांब," प्रभुखानोलकर म्हणाले. म्हातारा घाबरला, असं समजून तिने कळ दाबली.

निबंधकाने दोन्ही नोंदी एक केल्या. किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या समुद्रयंत्रांनी टिपलेले सगळे पिसारे त्या एका नावाला जोडले गेले आणि नकाशावर वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत ठिपके उमटले. खाली निर्णय आला: जात सर्वत्र आढळते. खाडीचं संरक्षण रद्द. बंदराला परवानगी.

रेवती त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं."

"तुझा प्रबंध वाचला तेव्हाच. दाबला तो माझ्या नावासाठीच. खाडी वाचली ती आपोआप."

"मला सांगायचं होतंत."

"तुला?"

तिने हट्टाने सांगून पाहिलं की खाडी गेली तरी शैवाल मरणार नाही, पिसारा तर सगळीकडे आहे.

"पिसारा आहे," ते म्हणाले. "पापुद्रा कुठे आहे?"

तिने पुन्हा नकाशा पाहिला. पापुद्रा धरतो तो फक्त या खाडीच्या खडकांवर. म्हणजे किनाऱ्यावरचा एकूण एक पिसारा इथेच जन्मलेल्या बीजाणूंचा होता. कायदा जाती मोजत होता. पिढ्या त्याला ठाऊकच नव्हत्या. बंदरासाठी खडक फुटले की नवा पिसारा कुठेच उगवणार नव्हता, आणि खडक फोडायची परवानगी तिने स्वतःच्या हाताने दिली होती.

प्रभुखानोलकरांनी काठी उचलली. दारात थांबून ते म्हणाले, "तुझी नवी जात आहे ना ती, पिसारा? एवढा हंगाम पाहून घे."